३६४५.६ : एका आकड्याचा अर्थ

आमच्या कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेला लागून एक अंधारी खोली होती. खिडक्यांना काळे पडदे, टेबलावर स्पेक्ट्रोमीटर आणि त्याच्यासमोर हायड्रोजनची बारीक काचनळी. बटण दाबले की नळी गुलाबीसर उजळायची. दुर्बिणीला डोळा लावून ती हळूहळू फिरवत नेली की आधी जांभळी, मग निळसर हिरवी आणि शेवटी ठसठशीत लाल रेषा क्रॉसवायरवर येऊन उभी राहायची. टॉर्चच्या उजेडात व्हर्निअर वाचायचा, कोन टिपून घ्यायचे, लॉगटेबल उघडून आकडेमोड करायची. प्रयोगाचे नाव होते ‘रिडबर्ग स्थिरांक काढणे’. माझे उत्तर पुस्तकातल्या उत्तराच्या अगदी जवळ आले, जर्नलवर सही झाली आणि मी आनंदाने घरी गेलो. आपण काढलेला हा आकडा नेमका कशाचा आहे, हे विचारायचे मात्र राहूनच गेले.

त्या राहून गेलेल्या प्रश्नासाठी हे प्रकरण लिहीत आहे. विज्ञानाच्या सूत्रांत काही अक्षरे अशी असतात, की त्यांच्या किमती आपण दर वेळी मोजतो : अंतर, वेळ, तापमान. आणखी काही अक्षरे सूत्रात ठाण मांडून बसलेली असतात. त्यांची किंमत एकदा ठरवली की ती त्या प्रश्नापुरती तीच राहते. गणितात त्यांना प्राचल म्हणतात आणि कुठेही न बदलणाऱ्या प्राचलाला स्थिरांक. यांतले बरेचसे सुरुवातीला केवळ आकडे जुळावेत म्हणून सूत्रात आलेले असतात. मग कधीतरी कुणीतरी त्यांना विचारतो, ‘तुम्ही निसर्गातल्या कोणत्या वस्तूबद्दल बोलता आहात?’ काही आकड्यांकडे या प्रश्नाचे उत्तर असते, काहींकडे नसते. हा फरक कसा ओळखायचा, हे एका आकड्याचा सगळा प्रवास पाहिला की स्वच्छ कळते.

बाझलचे शिक्षक

योहान याकोब बामर यांचा जन्म १८२५ चा. स्वित्झर्लंडमधील बाझल शहरात मुलींच्या शाळेत ते शिकवत आणि तिथल्या विद्यापीठात भूमितीची व्याख्याने देत. आकड्यांमधली प्रमाणे शोधण्याचा त्यांना मनापासून छंद होता. बायबलमध्ये संदेष्टा यहेज्केल याने वर्णिलेल्या मंदिराच्या मोजमापांवरही त्यांनी ग्रंथ लिहिला होता. भौतिकशास्त्र हा त्यांचा प्रांत नव्हता.

त्यांच्यासमोर आले ते चार आकडे. हायड्रोजन वायू तापवला किंवा त्यातून वीज सोडली की त्याच्या प्रकाशात सगळे रंग दिसत नाहीत, मोजक्याच रेषा दिसतात. स्वीडनच्या अँगस्ट्रॉम यांनी डोळ्यांना दिसणाऱ्या चार रेषांच्या तरंगलांबी फार काळजीपूर्वक मोजल्या होत्या. आज त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या एककात, म्हणजे मीटरच्या एक हजार कोटीव्या भागात, ते आकडे असे : लाल रेषा ६५६२.१०, निळसर हिरवी ४८६०.७४, निळी ४३४०.१ आणि जांभळी ४१०१.२.

या आकड्यांत वरवर पाहता काहीच संगती नाही. बामर यांना मात्र एक सामाईक गुणक सापडला : ३६४५.६. या आकड्याला अनुक्रमे ९/५, ४/३, २५/२१ आणि ९/८ ने गुणले की चारही रेषा मिळतात. पडताळा घ्यायला कागद-पेन्सिल पुरते. ६५६२.१० ला ५ ने गुणून ९ ने भागा, ३६४५.६१ येईल. ४८६०.७४ ची पाऊणपट ३६४५.५६. ४३४०.१ ला २१ ने गुणून २५ ने भागले की ३६४५.६८. ४१०१.२ चा आठ-नवमांश ३६४५.५१. चार वेगवेगळ्या रंगांच्या रेषा दशांशचिन्हापुढच्या फरकाने एकाच आकड्यापाशी येऊन थांबतात.

पुढची युक्ती त्यांनी अपूर्णांकांवर लढवली. ४/३ म्हणजेच १६/१२ आणि ९/८ म्हणजेच ३६/३२. आता ओळ अशी दिसते : ९/५, १६/१२, २५/२१, ३६/३२. अंशात ३, ४, ५, ६ यांचे वर्ग आहेत आणि छेदात तेच वर्ग ४ ने कमी केलेले. ४ म्हणजे २ चा वर्ग. सूत्र तयार झाले. त्याला विचारले, तर पाचवी रेषा ४९/४५ या अपूर्णांकाने, म्हणजे ३९६९.६५ वर असायला हवी. बामर यांना तशी रेषा ठाऊक नव्हती. बाझलमधील भौतिकीचे प्राध्यापक हागेनबाख यांनी त्यांना सांगितले, की ही रेषा आणि तिच्यापुढच्या कितीतरी रेषा ताऱ्यांच्या प्रकाशात सापडलेल्या आहेत. त्या ताडून पाहिल्या. सूत्राने सांगितलेल्या जागांशी त्यांचे छान जुळले.

हे सूत्र १८८५ मध्ये छापून आले, तेव्हा बामर साठीला पोहोचले होते. पण ३६४५.६ हा आकडा काय आहे? आणि वर्गांतून वजा होणारा तो २ कुठून आला? याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते आणि त्या वेळी जगात कुणापाशीही नव्हते.

सूत्र उलटे केले

स्वीडनच्या लुंड विद्यापीठातले योहानेस रिडबर्ग त्याच सुमारास सोडियम, पोटॅशियम अशा धातूंच्या वर्णरेषांशी झुंजत होते. तरंगलांबीऐवजी त्यांनी तिचा व्यस्त घेतला, म्हणजे एका सेंटिमीटरात किती लाटा बसतात ती संख्या. हा बदल दिसायला किरकोळ वाटतो. पण त्यामुळे बामर यांच्या सूत्राचे रूप पालटते आणि ती एक साधी वजाबाकी होते : एक-चतुर्थांश वजा एक भागिले पूर्णांकाचा वर्ग, आणि या सगळ्याला एका स्थिरांकाने गुणायचे. तो स्थिरांक म्हणजे ४ भागिले ३६४५.६ अँगस्ट्रॉम, अर्थात सेंटिमीटरला सुमारे १,०९,७२१. हाच रिडबर्ग स्थिरांक. इतर मूलद्रव्यांच्या रेषांची गणिते थोडी गुंतागुंतीची निघाली, पण हा आकडा त्यांच्यातही डोकावत होता.

आता आकडा एका वायूपुरता राहिला नाही. सोडियममध्येही तोच आणि हायड्रोजनमध्येही तोच, तर सगळ्या अणूंच्या मुळाशी काहीतरी समान असणार, हे उघड होते. शिवाय सूत्रात वजाबाकी आली होती. दोन गोष्टींमधला फरक म्हणजे प्रकाश, हे सूत्र उघड उघड सांगत होते. त्या दोन गोष्टी कोणत्या, हे ओळखायला आणखी वीस-पंचवीस वर्षे जावी लागली.

आकडा बसला म्हणजे अर्थ कळला का?

इथे जरा थांबून दुसरे एक सूत्र पाहू. जर्मनीत टिटियस यांनी १७६६ मध्ये आणि त्यांच्यापाठोपाठ बोडे यांनी १७७२ मध्ये ग्रहांच्या अंतरांचा एक नियम मांडला. ०, ३, ६, १२, २४, ४८, ९६ असे आकडे घ्या, प्रत्येकात ४ मिळवा आणि १० ने भागा. सूर्य-पृथ्वी अंतर १ मानले तर बुध ०.४, शुक्र ०.७, पृथ्वी १, मंगळ १.६, गुरू ५.२ आणि शनी १० मिळतो. प्रत्यक्षातली अंतरे याच्या फार जवळ आहेत. पुढे १७८१ मध्ये युरेनस सापडला. नियमाने १९.६ म्हटले होते, निघाले १९.२. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या २.८ या रिकाम्या जागी १ जानेवारी १८०१ रोजी सेरेस सापडला. यश बामर यांच्या सूत्रासारखेच डोळे दिपवणारे होते : आधी जुळणी, मग भाकीत, मग भाकिताची खातरजमा.

१८४६ मध्ये नेपच्यून सापडला. नियमाप्रमाणे तो ३८.८ वर हवा होता; तो होता ३०.१ वर. नियम तिथेच कोसळला. त्यातले ०.४ आणि ०.३ हे आकडे कोणत्या भौतिक राशीचे आहेत, हे कुणालाही दाखवता आले नाही. गुरुत्वाकर्षणाचा नियम, सूर्याचे वस्तुमान, ग्रहांचे वस्तुमान यांपैकी कशातूनही ते बाहेर पडत नाहीत. सूत्र जुळणे आणि एखाददुसरे भाकीत खरे ठरणे एवढ्यावर प्राचलाला अर्थ लाभत नाही. १८८५ मध्ये बामर यांचे सूत्र आणि बोडे यांचे सूत्र यांत फरक काय, हे कुणी विचारले असते तर सांगणे कठीण होते.

वऱ्हाडातले ग्रहण

बामर यांच्या आकड्यात काहीतरी खरे दडले आहे, याची एक खूण आपल्या मातीवर टिपली गेली. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकणच्या किनाऱ्यावरून आत शिरून महाराष्ट्र तिरका ओलांडून गेली. नॉर्मन लॉकियर यांची तुकडी विजयदुर्गला होती. ब्रिटिश अॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनच्या काही सभासदांनी वऱ्हाडात तळणी इथे तळ ठोकला होता. त्यांच्यात जॉन एव्हरशेड होते; हेच पुढे कोडाईकनालच्या वेधशाळेचे संचालक झाले. डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील भागाचे वर्णपट टिपण्याची तयारी त्यांनी केली होती.

बामर यांच्या सूत्रात पूर्णांक वाढवत नेला की रेषा एकमेकींच्या जवळ सरकतात. ३ आणि ४ मधले अंतर मोठे, ९ आणि १० मधले अगदी थोडे, आणि पूर्णांक अनंताकडे गेला की अपूर्णांक १ होतो. म्हणजे सगळ्या रेषा ३६४५.६ पाशी दाटीवाटीने येऊन थांबतात. सूत्र या सीमेपलीकडे काहीही सांगत नाही. एव्हरशेड यांच्या छायाचित्रांत सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांमधील हायड्रोजनच्या रेषा सीमेकडे दाटत गेलेल्या दिसल्या. आणि सीमेच्या पलीकडे, जिथे एकही रेषा नाही, तिथे प्रकाशाचा सलग फिकट पट्टा दिसला. अलीकडे तुटक रेषा, पलीकडे सलग प्रकाश, आणि या दोहोंच्या मधोमध तो आकडा.

एखाद्या आकड्याच्या दोन बाजूंना निसर्ग वेगवेगळा वागत असेल, तर तो आकडा केवळ सोयीचा गुणक असू शकत नाही. ती एखादी हद्द असणार. पण कशाची? इलेक्ट्रॉनची ओळख पटून तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. अणूच्या आत काय आहे हे ठाऊक नव्हते. त्याच वर्षी मार्च महिन्यात बामर वारले.

बोर यांनी आकडा फोडला

नील्स बोर यांचा जन्म १८८५ चा, म्हणजे बामर यांच्या सूत्राच्याच वर्षीचा. १९१२ मध्ये ते मँचेस्टरला रदरफर्ड यांच्याकडे काम करत होते. अणूच्या मध्यभागी इवलेसे जड अणुकेंद्र असते आणि इलेक्ट्रॉन त्याच्या बाहेर असतात, हे रदरफर्ड यांनी नुकतेच दाखवून दिले होते. पण या चित्रात एक मोठी अडचण होती. जुन्या नियमांप्रमाणे फिरणारा इलेक्ट्रॉन सतत प्रकाश बाहेर टाकत राहील, त्याची ऊर्जा संपत जाईल आणि पापणी लवायच्या आत तो केंद्रात कोसळेल. मग जगात एकही अणू टिकायला नको.

१९१३ च्या सुरुवातीला कोपनहेगनमधील त्यांचे सहकारी हान्सेन यांनी बोर यांना विचारले, ‘तुमच्या अणूच्या कल्पनेतून वर्णरेषांचा उलगडा होतो का?’ आणि त्यांचे लक्ष बामर यांच्या सूत्राकडे वळवले. सूत्रातली वजाबाकी पाहताच बोर यांना वाट सापडली. अणूमध्ये इलेक्ट्रॉन मोजक्याच ठरावीक ऊर्जांवर राहू शकतो. एका पातळीवरून खालच्या पातळीवर तो आला की दोन ऊर्जांमधला फरक प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडतो. बामर यांचे पूर्णांक म्हणजे या पातळ्यांचे क्रमांक. तो गूढ २ म्हणजे इलेक्ट्रॉन जिथे येऊन थांबतो ती दुसरी पातळी. पहिल्या पातळीवर येऊन थांबणाऱ्या रेषा अतिनील भागात पडतात; त्यांपैकी काही लायमन यांना १९०६ मध्ये सापडल्या होत्या. तिसरीवर थांबणाऱ्या अवरक्त भागात असतात. त्या पाशेन यांनी १९०८ मध्ये पाहिल्या होत्या.

आता रिडबर्ग स्थिरांकाकडे येऊ. बोर यांच्या मांडणीत तो जुळवून घ्यावा लागत नाही, तो तयार होऊन बाहेर पडतो. त्या काळच्या एककांत त्याची कृती अशी : पायच्या वर्गाची दुप्पट घ्या, तिला इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाने आणि त्याच्या विद्युतभाराच्या चौथ्या घाताने गुणा, मग प्लांक स्थिरांकाच्या घनाने आणि प्रकाशाच्या वेगाने भागा.

या कृतीतला प्रत्येक घटक कुठून आला, ते पाहण्यासारखे आहे. इलेक्ट्रॉनचा भार आणि वस्तुमान यांचे गुणोत्तर निर्वात नळीतल्या किरणांना चुंबकाने आणि विजेने वाकवून काढलेले. त्याच्या भाराचा आकडा विद्युतभारित कणांवरच्या स्वतंत्र प्रयोगांतून मिळालेला. प्रकाशाचा वेग खगोलशास्त्रातून आणि फिरत्या आरशांच्या प्रयोगांतून समजलेला. प्लांक स्थिरांक तापलेल्या भट्टीच्या प्रकाशातून आलेला. डिसेंबर १९०० मध्ये प्लांक यांनी आपले सूत्र सिद्ध करण्यासाठी तो वापरला, तेव्हा तोही गणित जुळवण्यापुरता आलेला पाहुणाच होता. यांपैकी एकाही प्रयोगाचा हायड्रोजनच्या रेषांशी संबंध नव्हता. तरीही हे सगळे एकत्र गुणले-भागले की हायड्रोजनच्या रेषांचा आकडा येतो. प्रकाशाच्या वेगाने भागण्याआधीचा आकडा बोर यांनी दशघात बाजूला ठेवून ३.१ काढला, वर्णपटाने सांगितलेला आकडा ३.२९ होता. भार, वस्तुमान आणि प्लांक स्थिरांक यांच्या तेव्हाच्या मोजमापांत जेवढी अनिश्चितता होती, तेवढ्यातच हा फरक बसत होता.

आणि ३६४५.६ ची हद्द कशाची, तेही उलगडले. त्या तरंगलांबीच्या प्रकाशकणाची ऊर्जा सुमारे ३.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट भरते. पहिल्या पातळीवरून इलेक्ट्रॉनला अणूतून पूर्ण सोडवायला १३.६ लागतात; दुसऱ्या पातळीवरून त्याच्या एक-चतुर्थांश, म्हणजे ३.४. याचा अर्थ, बामर यांचा आकडा म्हणजे इलेक्ट्रॉनच्या सुटकेची किंमत. इलेक्ट्रॉन अणूत बांधलेला असतो तोवर पायऱ्या असतात आणि रेषा तुटक दिसतात. तो मोकळा असला की त्याची ऊर्जा कितीही असू शकते; असा मोकळा इलेक्ट्रॉन येऊन दुसऱ्या पातळीवर स्थिरावला की त्याचा प्रकाश सलग पट्ट्यात पडतो. तळणीच्या छायाचित्रांतल्या त्या फिकट पट्ट्याचे उत्तर पंधरा वर्षांनी मिळाले.

चार नव्हे, ४.००१६

अर्थ सापडला असे म्हणणे सोपे असते. खरा अर्थ सापडला असेल तर त्याची परीक्षाही घेता आली पाहिजे. बोर यांच्या अर्थाची परीक्षा लगेच झाली.

हार्वर्डचे पिकरिंग यांना १८९६ मध्ये झीटा पपिस या ताऱ्याच्या प्रकाशात रेषांची एक मालिका दिसली होती. तिच्यातल्या एकाआड एक रेषा हायड्रोजनच्या रेषांजवळ पडत, उरलेल्या त्यांच्या मधोमध. सूत्रात पूर्णांकांच्या जागी अडीच, साडेतीन असे आकडे घातले की ही मालिका जुळत असे, म्हणून ती हायड्रोजनचीच मानली गेली. लंडनच्या अल्फ्रेड फाउलर यांनी १९१२ मध्ये हायड्रोजन आणि हीलियम यांच्या मिश्रणातून अशा रेषा प्रयोगशाळेत मिळवल्या. पण ज्याला पातळीचा क्रमांक म्हणायचे, तो अडीच कसा असेल? बोर यांनी सांगितले की या रेषा हायड्रोजनच्या नाहीत, एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या हीलियमच्या आहेत. हीलियमच्या केंद्राचा भार दुप्पट, म्हणून स्थिरांक चौपट. तो ४ हिशेबात घेतला की सगळे अर्धे जातात आणि पूर्ण आकडे उरतात. मँचेस्टरच्या प्रयोगशाळेत इव्हान्स यांनी हायड्रोजनच्या नेहमीच्या रेषा दिसत नसलेल्या हीलियममधून यांतली रेषा काढून दाखवली.

फाउलर यांनी आक्षेप घेतला : मोजमाप इतके बारीक आहे, की गुणोत्तर ४ येत नाही, ४.००१६ येते. फरक अडीच हजारात एक भाग. दुसऱ्या कुणी तो मोजमापातली चूक म्हणून सोडून दिला असता. बोर यांनी त्यातच आपला पुरावा शोधला.

दोघी फुगडी खेळताना पाहा. दोघी सारख्या वजनाच्या असतील तर मधल्या बिंदूभोवती दोघीही सारख्याच फिरतात. आई आणि चिमुरडी मुलगी खेळत असतील तर मुलगी मोठा फेरा घेते, आई जागच्या जागी थोडीशी हलते. पण हलते खरी. अणूतही तसेच. केंद्र स्थिर मानले तर गुणोत्तर बरोबर ४ येते. पण हायड्रोजनचे केंद्र इलेक्ट्रॉनच्या सुमारे १८३६ पट जड, हीलियमचे ७३०० पट. हलके केंद्र जरा जास्त डुलते, जड केंद्र कमी. ही दुरुस्ती केली की गुणोत्तर ४.००१६३ येते. फाउलर यांचा आक्षेप मावळला. आकड्यातला अर्थ इतका पक्का होता, की चौथ्या-पाचव्या अंकातला फरकही त्याने समजावून सांगितला.

हाच धागा पुढे नेला अमेरिकेच्या हॅरल्ड युरी यांनी. हायड्रोजनचे एखादे दुप्पट जड भावंड असेल, तर त्याचे केंद्र निम्मेच डुलेल आणि त्याची लाल रेषा नेहमीच्या रेषेपासून सुमारे १.८ अँगस्ट्रॉम सरकलेली दिसेल. १९३१ च्या अखेरीस, द्रव हायड्रोजन सावकाश उडवून जड भाग साठवलेल्या नमुन्यात, त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तशा सरकलेल्या रेषा गणिताने सांगितलेल्या ठिकाणीच दिसल्या. असा ड्यूटेरियम सापडला आणि १९३४ चे नोबेल पारितोषिक युरी यांना मिळाले. ड्यूटेरियमच्या पाण्यालाच जड पाणी म्हणतात. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीत तेच वापरले जाते.

आणखी एक साक्ष प्रकाशाच्या वाटेने आली नाही. फ्रांक आणि हर्ट्झ यांनी १९१४ मध्ये बर्लिनमध्ये पाऱ्याच्या वाफेतून इलेक्ट्रॉन सोडले. इलेक्ट्रॉनची ऊर्जा ४.९ इलेक्ट्रॉन व्होल्टला पोहोचेपर्यंत पारा तिला हात लावत नसे; तिथे पोहोचताच ती सगळी ओढून घेत असे, आणि वाफेतून २५३६ अँगस्ट्रॉमचा प्रकाश बाहेर पडे. ऊर्जापातळ्या वर्णरेषांच्या गणितापुरत्या नाहीत, टकरींमध्येही त्या जाणवतात, हे यातून दिसले.

चित्र गेले, आकडा राहिला

यानंतर एक गोष्ट अशी घडली की ती सांगितल्याशिवाय हा विषय प्रामाणिकपणे पुरा होत नाही. बोर यांनी काढलेले अणूचे चित्र पुढे टिकले नाही. सूर्याभोवती ग्रह फिरावेत तसे इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरतात, ही कल्पना सोडून द्यावी लागली. १९२४ मध्ये द ब्रॉय यांनी इलेक्ट्रॉनला लाटेचे रूप दिले. १९२६ मध्ये श्रोडिंगर यांच्या समीकरणात पूर्णांक वीणेच्या तारेवरील स्पंदनांसारखे आपसूक उगवले. बोर यांची पहिली कक्षा अर्ध्या अँगस्ट्रॉमहून जराशी मोठी, ०.५३ त्रिज्येची. नव्या सिद्धांतात तो फेऱ्याचा मार्ग राहिला नाही. केंद्रापासून ज्या अंतरावर इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता सर्वाधिक, ते अंतर झाला.

रिडबर्ग स्थिरांकाची कृती मात्र तीच राहिली. तेच वस्तुमान, तोच भार, तोच प्लांक स्थिरांक. सिद्धांत बदलला, मनातले चित्र बदलले, पण आकडा ज्या राशींना जोडतो ते नाते जागचे हलले नाही. म्हणून मला वाटते, प्राचलाचा भौतिक अर्थ चित्रात शोधू नये. चित्र समजायला मदत करते आणि पुढे कधीतरी ते पुसावे लागते. अर्थ असतो तो नात्यात : एका प्रयोगातला आकडा दुसऱ्या, पूर्णपणे वेगळ्या प्रयोगातल्या आकड्यांशी कसा बांधलेला आहे, यात.

अजून न सुटलेले १३७

सगळ्याच आकड्यांची गोष्ट अशी पूर्ण होत नाही. हायड्रोजनच्या रेषा फार बारकाईने पाहिल्या तर एकेक रेषा फुटलेली दिसते. तिचे गणित करताना झोमरफेल्ड यांनी १९१६ मध्ये एक प्राचल मांडले. त्याला कोणतेही एकक नाही. किंमत सुमारे एक भागिले १३७. त्याचा पहिला अर्थ त्यांनी सांगितला : पहिल्या कक्षेतील इलेक्ट्रॉनचा वेग आणि प्रकाशाचा वेग यांचे गुणोत्तर. पुढे त्याचा अर्थ रुंदावला आणि प्रकाश व विद्युतभार एकमेकांशी किती घट्ट जोडलेले आहेत, याचे ते माप ठरले.

पण हे माप एवढेच का? आर्थर एडिंग्टन यांनी शुद्ध गणितातून आधी १३६ आणि मोजमाप पुढे सरकल्यावर १३७ काढून दाखवण्याचा प्रयत्न केला. मोजमापाने सांगितलेला आकडा १३७.०३६ आहे आणि एडिंग्टन यांची सिद्धता आज कुणी मानत नाही. मोठ्या शास्त्रज्ञालाही बोडे यांच्या वाटेचा मोह पडू शकतो, हे यातून शिकावे. ‘हा आकडा कशाचा?’ आणि ‘हा आकडा एवढाच का?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर मिळाले म्हणून दुसऱ्याचे मिळत नाही, आणि १३७ च्या बाबतीत ते अजून मिळालेले नाही.

तीन प्रश्न

३६४५.६ च्या प्रवासातून हाती येते ती एक कसोटी. कोणत्याही सूत्रात अनोळखी आकडा दिसला की त्याला तीन प्रश्न विचारावेत. या सूत्राशी संबंध नसलेल्या वाटेने गेलो तर तू पुन्हा भेटशील का? परिस्थिती बदलली तर तू जेवढा बदलायला हवास तेवढाच बदलशील का? कुणी न पाहिलेले काही दाखवशील का? बामर यांच्या आकड्याने भट्टीच्या आणि निर्वात नळीच्या वाटेने पहिल्याचे उत्तर दिले, ४.००१६ ने दुसऱ्याचे, ड्यूटेरियमने तिसऱ्याचे. बोडे यांच्या ०.४ आणि ०.३ ने सेरेसची जागा दाखवली, पण पहिल्या दोन प्रश्नांवर ते गप्प राहिले.

रिडबर्ग स्थिरांक आज बारा अंकांपर्यंत ठाऊक आहे. मीटरला १,०९,७३,७३१.५६८ आणि त्यापुढेही काही अंक. त्या पुढच्या अंकांमध्ये प्रोटॉनच्या आकाराचा परिणामही मिसळलेला असतो, म्हणून प्रोटॉन केवढा आहे याच्या चर्चेत हा आकडा आजही हजर असतो. मुलींच्या शाळेतल्या एका शिक्षकाने चार रेषांसाठी शोधलेला गुणक अणुकेंद्राच्या पोटापर्यंत पोहोचला आहे.

आजही आपल्या कितीतरी महाविद्यालयांत ती गुलाबीसर नळी उजळते आणि मुले व्हर्निअर वाचतात. तिथल्या शिक्षकांना माझी एकच विनंती आहे. तोंडी परीक्षेत ‘तुमचे उत्तर किती आले?’ हे जरूर विचारा, पण त्यानंतर आणखी एक प्रश्न विचारा : ‘हा आकडा कशाचा आहे?’ आणि मुलांना उत्तर आले नाही तर जर्नल मिटून, दहा मिनिटे देऊन, ही गोष्ट त्यांना सांगा.